फाज मोजण्याची प्लाक पद्धत

बॅक्टेरिओफाज किंवा फाज, म्हणजे जिवाणूंना मारणारे विषाणू, डोळ्यांना दिसत नसले, तरी त्यांनी मारलेल्या जिवाणूंच्या जागा मोजता येतात, आणि रेणवीय जीवशास्त्राचे कितीतरी पायाभूत प्रयोग याच साध्या मोजणीवर उभे आहेत. फाजचे द्रावण दहापटींनी विरल करत जावे. दर वेळी पिपेटचे टोक बदलावे, कारण चुका बहुधा इथेच होतात. विरल केलेल्या द्रावणाचे ०.१ मिलिलिटर जोमाने वाढणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंत मिसळून, सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या पातळ अगारसह (अगार म्हणजे जिवाणू वाढवण्यासाठी वापरतात तो जेलीसारखा पदार्थ) घट्ट अगारच्या बशीवर लगेच ओतावे. ३७ अंशांवर रात्रभर ठेवल्यावर जिवाणूंच्या दुधाळ थरात स्वच्छ वर्तुळे, म्हणजेच प्लाक, उमटतात; फाजने जिवाणू मारलेल्या जागा त्या याच. ३० ते ३०० वर्तुळांचीच बशी मोजावी. कडाही नीट पाहाव्यात: मोठी, रेखीव कडांची वर्तुळे देणारे टी४ फाजचे उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेले फाज) निवडूनच अमेरिकन शास्त्रज्ञ सीमोर बेन्झर यांनी १९५० च्या दशकात जनुकाच्या अंतर्भागाचा नकाशा काढला.