जुन्या कोकणी घराची दुरुस्ती: आधी सांधे वाचा

कौल उलटं केलं की मागे '१८६५' दिसतं आणि घर तेव्हाचंच असं लोक ठरवून टाकतात. ते साल मंगळूरचा बाझल मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाला त्याचं. छाप पुढेही तोच राहिला. शिवाय कौलं छपराबद्दल बोलतात, भिंतीबद्दल नाही. माळ्यावर चढून वासे बघा. आताच्या रिपांशी न जुळणारी, दाटीने मारलेल्या खिळ्यांची जुनी भोकं दिसली, तर आधी नळीची (अर्धगोल) कौलं असावीत नि मंगळुरी मागाहून चढली असावीत.

मग ओटी आणि पडवी मिळतात त्या कोपऱ्यात या. चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) एकमेकांत गुंतलेले असतील तर दोन्ही भिंती एका वेळच्या. जोत्यापासून वर सरळ उभा सांधा गेला असेल तर पडवी नंतरची. या सांध्यात सिमेंट कोंबू नका. दोन्ही भाग वेगवेगळे दबतात, म्हणून शेजारीच नवी चीर पडते. चुनाच भरा. चिऱ्यावर कमानीसारखे ओरखडे म्हणजे यंत्राच्या पात्याने कापलेला, अलीकडचा. हाताने तासलेल्यावर हत्याराचे घाव वेडेवाकडे असतात.

गिलाव्यावर लिंबू पिळा: चुना फसफसतो, माती गप्प राहते. (सिमेंटही जरासं फसफसतं, पण ते राखाडी नि नखाला दाद न देणारं.) जांभ्यावर सिमेंटचा गिलावा हा सगळ्यात महागात पडणारा घोळ. जांभा पाणी पितो. जोत्यातून चढलेल्या ओलीला बाहेर वाट मिळाली नाही की ती वर सरकते, आणि शेवटी गिलावा चिऱ्याची साल घेऊनच खाली येतो.

सिमेंट काढताना छिन्नी तिरकी धरा, सरळ घाव चिरा फोडतो. भिंत वाळू द्या. मग चुना १ भाग, नदीची वाळू ३ भाग. समुद्राची वाळू खाऱ्यामुळे बाद. चुना निदान १५ दिवस पाण्याखाली मुरलेला हवा, नाहीतर न विरलेले कण मागाहून फुगून फोड येतात. आदल्या दिवशी भिंत भिजवा. थर १० ते १२ मिलिमीटरचा, जाड केलात तर तडकणार. वर ओलं गोणपाट, निदान ७ दिवस. काम दिवाळीनंतर घ्या, फेब्रुवारीत संपवा.

पण त्याआधी खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, बघा. दरवर्षी भर घालून ते जोत्याच्या कडेला टेकलं असेल, तर गिलाव्याला हात लावण्यापूर्वी ती माती उपसून काढा.