विमानात बसायची भीती वाटते? मग हे करून बघा

आधी सीट बघा, पंखाजवळची घ्या, तिथे हादरे कमी जाणवतात, शेपटीकडे जास्त. आणि जमलं तर सकाळचं फ्लाइट धरा, दुपारी जमीन तापली की हवा वर उसळते आणि गचके वाढतात.

पण खरा घाम फोडतात ते आवाज बरं का. टेकऑफ झाल्या झाल्या खालून धाडकन आवाज येतो, ती चाकं आत जातात, मग थोड्या वेळात इंजिनचा आवाज एकदम उतरतो, पोटात गोळा येतो, वाटतं संपलं सगळं! तर बंदबिंद काही पडलेलं नसतं, टेकऑफसाठी लावलेली जादा पॉवर कमी केलेली असते, रोज, प्रत्येक फ्लाइटला. उतरता उतरता विमान परत वर गेलं तर तेही शिकवलेलंच असतं, गो-अराउंड म्हणतात, पावसाळ्यात मुंबईला होतं कधीकधी.

हादरे बसले की पट्टा घट्ट, अंग मात्र सैल सोडा, ४ मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर. कॉफी नको, आणि दोन पेग मारले की धीर येतो म्हणणाऱ्यांचं तर अजिबात ऐकू नका. क्रूला चढतानाच सांगून टाका, लाजायचं काय त्यात. तिकिटं कॅन्सल करण्याइतकी भीती असेल तर सरळ सीबीटी, म्हणजे भीतीमागचे विचार आणि सवयी बदलायची थेरपी, करणारा सायकॉलॉजिस्ट गाठा.