सूचौच्या संग्रहालयात जाताय? आधी भिंत बघा

एकतीस वर्षं सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवलं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या पोरांना दरवर्षी घसा कोरडा होईस्तोवर एकच सांगायचो : कागद भरून टाकू नका रे, जागा सोडा. निवृत्तीनंतर आम्ही दोघं लेकीकडे चीनला गेलो. जावई सूचौच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. तिथल्या संग्रहालयात ही ‘सोडलेली जागा’ कोणीतरी चक्क बांधून ठेवलेली पाहिली. तीन महिन्यांत चार फेऱ्या झाल्या. त्यातल्या पहिलीत दारातूनच परत आलो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

तिकीट नाही, प्रवेश फुकट. पण फुकट म्हणजे कधीही या असं नव्हे. काही दिवस आधी वीचॅट या चिनी ॲपवरून दिवस आणि वेळ नोंदवावी लागते, आणि शनिवार-रविवारच्या जागा भराभर संपतात. नोंदणी पासपोर्टच्या नंबरावर होते, तेव्हा दारात मूळ पासपोर्ट हवा. मी झेरॉक्स घेऊन गेलो होतो, आपल्याकडे चालते म्हणून. सोमवारी बंद. १ मे आणि १ ऑक्टोबरच्या आसपास तर घरीच बसा. त्या सुट्ट्यांत अर्धा चीन फिरायला निघालेला असतो. पैसे देण्यासाठी अलीपेला आपलं विसा किंवा मास्टरकार्ड इथूनच जोडून न्या. भाषेचं भाषांतराच्या ॲपवर भागतं.

शांघायहून येणार असाल तर वेगवान रेल्वे साधारण अर्ध्या तासात सूचौ स्टेशनला सोडते. मेट्रोच्या ६ नंबर लाइनवर आता संग्रहालयाच्या नावाचंच स्टेशन आहे. मी मात्र ४ नंबरच्या पैसिथा स्टेशनवर उतरून चालत जायचो. जुनं शहर पायी जाण्यातच कळतं : पांढऱ्या भिंती, काळी कौलं, मधूनच कालवा. हे दोन रंग डोळ्यांत बसवून घ्या, पुढे कामाला येतात.

कारण इमारतीतही हेच दोन रंग आहेत. ती वास्तुकार आय. एम. पेई यांची. पॅरिसच्या लूव्रसमोर काचेचा पिरॅमिड उभा करणारे तेच. त्यांचं घराणं मूळ सूचौचं. दोन पावलांवर असलेली शिझीलिन ही खडकांची बाग एके काळी त्यांच्याच कुटुंबाची होती आणि लहानपणी सुट्टीत ते तिथे खेळत. ही इमारत २००६ मध्ये उघडली तेव्हा त्यांचं वय ८९ होतं. शेजारी जुनी घरं आणि जुन्या बागा, म्हणून इमारत मुद्दाम बुटकी ठेवून एक मजला जमिनीखाली घातला. छपराला कौलं नाहीत. कौलांच्या जागी काळा ग्रॅनाइट आहे, कोरडा असताना राखाडी आणि ओला झाला की काळाकुट्ट दिसणारा.

आता मुख्य गोष्ट. आत शिरल्यावर अष्टकोनी दालन लागतं. सगळी गर्दी तिथून डावीकडे वळते, वस्तू बघायला. तुम्ही सरळ काचेतून बागेत जा. पाणी, त्यावर नागमोडी नव्हे तर काटकोनात वळणारा पूल, आणि पलीकडे लांबलचक पांढरी भिंत. भिंतीपुढे दगडांची रांग. बस, एवढंच. मागची झाडं भिंतीवरून डोकावतात, ती शेजारच्या चुओचंग युआन बागेतली. भिंत दोघांच्या मध्ये आहे. सूचौच्या जुन्या बागांमध्ये भोकाभोकांचे, वेडेवाकडे खडक मांडायची रीत. पेईंनी ती रीत सोडली. शानतुंगहून आणलेले दगड पातळ कापले, पृष्ठभाग आगीने भाजून गडद-फिकट केले आणि ते एकामागे एक उभे केले. पुढचे काळे, मागचे फिके. सुंग काळातल्या, म्हणजे नऊशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या, मी फू या चित्रकाराचे धुक्यातले डोंगर त्यांच्या डोळ्यांपुढे होते. भिंत हा कागद आणि दगड ही शाई! दूरचं फिकं रंगवा, हे मी फळ्यावर किती वर्षं सांगत होतो. इथे ते दगडात.

दुसऱ्या खेपेला पाऊस होता. ही म्हणाली, आज नको. मी हट्टाने गेलो आणि बरं झालं. ओल्या दगडांना शाईची धार आली होती आणि भिंत तर दिसेनाशीच झाली होती. जूनच्या पावसाळी दिवसांत गेलात तर कुरकुरू नका, छत्री घ्या. कोरड्या दिवशी मात्र सकाळी पहिल्या वेळेचीच नोंदणी करा. दहा वाजेपर्यंत पुलावर फोटोवाल्यांची जत्रा भरते.

मग पश्चिमेकडची दालनं. इथे दोन पॅगोडांत, म्हणजे बौद्ध मनोऱ्यांत, सापडलेल्या वस्तू आहेत आणि दोन वस्तूंना तरी पुरेसा वेळ द्या. पहिली, कमळाचं वाडगं. दहाव्या शतकातलं, टेकडीवरच्या कललेल्या पॅगोडातून १९५०च्या दशकातल्या दुरुस्तीत मिळालेलं. वाडगं आणि खालची बैठक दोन्ही पाकळ्यांनी मढवलेली, आणि रंग कच्च्या ऑलिव्हसारखा. म्हटलं तर हिरवा, म्हटलं तर राखाडी. पाण्यात पाय बुडवल्यावर खालची शेवाळ दिसावी तसा. काचेपुढे गुडघ्यात वाकून बघा, वरून बघून पाकळ्यांची उठाण कळत नाही. संग्रहालयाच्या दुकानात याच आकाराची हिरवी बिस्किटं मिळतात. नातीला मूळ वाडग्यापेक्षा तीच आवडली.

दुसरी, मोत्यांचा स्तंभ. रुइक्वांग पॅगोडात १९७८ मध्ये पक्ष्यांची घरटी शोधायला चढलेल्या मुलांना तो सापडला. उंची सव्वाशे सेंटिमीटरच्या आत-बाहेर, आणि त्यावर हजारो बारीक मोती ओवलेले. खाली समुद्र, त्यातून वर येणारा सुमेरू पर्वत, चार दिशांचे चार लोकपाल, अगदी वर स्फटिकाचा गोळा. हे सगळं आपल्या ओळखीचं आहे की! चिनी पाटी वाचता न येताही मी नातीला निम्मी गोष्ट सांगू शकलो. त्याच पॅगोडात १००५ सालचा, लाकडी ठशाने छापलेला एक धारणीमंत्र (बौद्धांचा रक्षणमंत्र) मिळाला, तो संस्कृतात आहे. छापलेला, १००५ साली. हे ऐकून मी तिथल्या बाकावर जरा बसलोच.

दालनांच्या टोकाला काळ्या दगडावरून पाणी उतरतं, खाली कमळांचं टाकं, बाजूने जिना. वर चित्रं. मिंग काळात (चौदावं ते सतरावं शतक) सूचौ हे चित्रकारांचं गाव होतं : शन चौ, वन चंगमिंग, थांग यिन. पैकी वन चंगमिंग सरकारी परीक्षेत वारंवार नापास झाला आणि थांग यिन १४९९च्या परीक्षेतल्या गैरप्रकाराच्या प्रकरणात अडकून आयुष्यातून उठला. माझ्या वर्गातल्या काही पोरांना हे सांगायला हवं होतं. कागद-रेशमावरची चित्रं उजेडाने खराब होतात, म्हणून आलटूनपालटून लावतात. अमुक एक चित्र दिसेलच असं धरून जाऊ नका. चित्रांवरचे लाल शिक्के बघा. चित्रकाराचा एखाददुसरा, बाकीचे बरेचसे नंतरच्या मालकांचे. आपण पुस्तकावर नाव घालतो, तसे.

तळघरातल्या तात्पुरत्या प्रदर्शनांत मी फार रमलो नाही. पाय दुखत असतील तर ती गाळा.

पूर्वेकडच्या दारातून मात्र जुन्या वाड्यात जाच. एकोणिसाव्या शतकात चीनच्या बादशाहीविरुद्ध झालेल्या थायफिंग बंडाचा सेनापती ली श्यूचंग याचा हा वाडा. १८६०मध्ये त्याने शहर जिंकलं, आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९६०मध्ये, संग्रहालय याच वाड्यात सुरू झालं. तुळयांवरची नक्षी मान वर करून बघावी लागते. मानेचा पट्टा असलेल्यांनी जपून. आत नाटकाचा जुना रंगमंच आहे. इथलाच एक निळ्या-जांभळ्या फुलांचा वेल वन चंगमिंगने स्वतः लावला असं मानतात. पेईंनी त्याचं कलम नव्या इमारतीच्या अंगणात लावून घेतलं. एप्रिलमध्ये बहर येतो. त्याच्या बिया डबीत घालून दुकानात विकतात. मला एक डबी मिळाली, पण बियाणं भारतात आणायला परवाना लागतो. म्हणून ते लेकीच्या बाल्कनीतल्या कुंडीत पेरलं आहे. व्हिडिओ कॉलवर रोज विचारतो. अजून कोंब नाही.