गिळण्याच्या त्रासासाठी ओपीडीला जाताना काय न्यावं, घरी काय मोजावं

पक्षाघात, पार्किन्सन किंवा घशाच्या रेडिएशननंतर गिळताना अडचण येत असेल तर स्पीच थेरपिस्टला दाखवा. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात हा विभाग आहे.

केस पेपर, जुने रिपोर्ट, औषधांच्या पट्ट्या, कवळी आणि डब्यात रोजचं जेवण न्या: आमटी, मऊ भात, बिस्किट. मान दिसेल असा बाजूने काढलेला जेवतानाचा व्हिडिओही न्या. ठसका कशाने येतो, पाण्यानंतर आवाज घरघरतो का, वजन किती उतरलं, ताप कधी आला, हे लिहून ठेवा. ठसका नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. काहींच्या श्वासनलिकेत अन्न जातं आणि खोकला येतच नाही. म्हणून दुर्बिणीची किंवा बेरियमची (एक्स-रेत दिसणारं पांढरं औषध गिळायला देऊन केलेली) तपासणी सांगतात.

थेरपिस्टने पातळ पदार्थांचा स्तर (IDDSI या मापात किती दाट हवं त्याचा आकडा, 0 म्हणजे पाण्यासारखं पातळ) ठरवून दिला की घरी अंदाजाने दाट करू नका. मोजायला 10 मिलीची बिनसुईची सिरिंज घ्या. तिच्यावरच्या 0 ते 10 खुणांमधलं अंतर 61.5 मिमी हवं, नाहीतर उत्तर चुकतं. दट्ट्या काढा, टोक बोटाने बंद करून 10 मिलीपर्यंत भरा, 10 सेकंद बोट सोडा, परत बंद करा. 1 मिलीपेक्षा कमी उरलं तर स्तर 0, 1 ते 4 उरलं तर स्तर 1, 4 ते 8 स्तर 2, 8 ते 10 स्तर 3. काहीच गळलं नाही तर स्तर 4 असू शकतो. तो चमचा तिरका करून तपासतात.

पेज गरम असताना पातळ आणि गार झाल्यावर दाट होते, त्यामुळे ज्या तापमानाला भरवणार त्यालाच मोजा. उष्टा चमचा वाटीत परत बुडवू नका: लाळेतलं अमायलेज हे पिष्ट पचवणारं द्रव्य पिठूळ पेज पुन्हा पातळ करतं. आइस्क्रीम तोंडात वितळून पाणीच होतं. पाव चिकट गोळा होऊन घशात अडकतो, तेव्हा थेरपिस्ट हो म्हणेपर्यंत वडापाव नकोच. चहात बुडवलेल्या बिस्किटात पातळ आणि घट्ट एकत्र येतं, तेही अवघड.

भरवताना रुग्ण पूर्ण जागा, ताठ बसलेला, पाय टेकलेले हवेत. सुरुवात चहाच्या चमच्याने, एका वेळी 5 मिलीपेक्षा जास्त नाही. हनुवटी छातीकडे झुकवणं सगळ्यांना चालत नाही, सांगितलं तरच करा. जेवणानंतर 30 मिनिटं आडवं करू नका. दात, हिरड्या, जीभ रोज घासा, कारण तोंडातले जंतू लाळेबरोबर फुफ्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो.

गोळ्या विचारल्याशिवाय कुटू नका. एसआर किंवा ईआर (औषध हळूहळू सोडणाऱ्या) लिहिलेल्या तर नाहीच, पूर्ण डोस एकदम सुटतो. जेवताना दम लागला, ओठ निळे पडले तर भरवणं थांबवा आणि 108 लावा.