हरिहरेश्वर आणि रत्नागिरीचे समुद्रकडे: पुण्याहून निघण्याआधी या चुका टाळा

राजगड-तोरण्याची सवय असलेली पुण्यातली मंडळी कोकणातल्या समुद्रकड्यांकडे जरा निर्धास्तपणेच जातात. उंची कमी, देऊळ हाकेच्या अंतरावर, सोबत आजी-आजोबा आणि पोरंटोरं. पण सह्याद्रीतली वाट सकाळी असते तिथेच संध्याकाळी असते. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट मात्र डोंगराच्या खाचेतल्या पायऱ्यांनी थेट खडकांवर उतरते आणि भरतीला तिथे लाटा आपटतात. माणसं वाहून गेलेली जागा आहे ती.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे निघायची वेळ ताम्हिणीतली गर्दी बघून ठरवायची आणि भरती बघायचीच नाही. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला 3, अष्टमीला 6, पौर्णिमेला सव्वाअकरा. पुढे सहाएक तासांनी पूर्ण ओहोटी. आता पौर्णिमेच्या सुट्टीला पहाटे 6 वाजता चांदणी चौक सोडलात, तर माणगाव-म्हसळ्यामार्गे पोचेपर्यंत नेमकं उधाण आलेलं असतं. दर्शन झालं की तसंच प्रदक्षिणेला उतरायचं, हा क्रम त्या दिवशी मोडा. जेवून घ्या, पाणी उतरू लागल्यावर दुपारी उशिरा खाली जा. अष्टमीला उलट, भर दुपारीच ओहोटी मिळते. हिशेब ढोबळ आहे, म्हणून भरतीचा तक्ताही बघा आणि देवळापाशी विचारा. तिथला माणूस ‘आज नको’ म्हणाला तर वाद घालू नका.

खाली उतरलात की खडक बघा. ओला, शेवाळलेला पट्टा जिथवर दिसतो निदान तिथवर तरी पाणी येतं. लहान लाटांमध्येच अचानक एखादी दांडगी येते, त्यामुळे पाठ समुद्राकडे करून फोटो काढणं सोडा.

कड्याच्या माथ्यावरची चूक वेगळी. कोकणात बऱ्याच सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, जांभा आहे. आपल्या ओळखीच्या काळ्या कातळासारखा तो घट्ट नसतो. खालून लाटा पोखरतात आणि वर कडा पुढे आलेली राहते. माथ्यावर उभं राहून ती पोकळी दिसत नाही. रत्नागिरीच्या रत्नदुर्ग किल्ल्यावर तटाच्या आतूनही तिन्ही बाजूंचा समुद्र छान दिसतो, मग तट ओलांडायचा कशाला? पावसाळ्यात तर कडेपासून लांबच राहा.

पाणी चढून वाट बंद झालीच, तर धावत पलीकडे जायचा प्रयत्न करू नका. सुरक्षितपणे जाता येईल तेवढं वर जाऊन थांबा आणि 112 ला फोन लावा. समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा क्रमांक 1554 आहे. कुणी पाण्यात पडलं तर मागोमाग उडी घेऊ नका. दोर, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेका. पडलेल्याला ओरडून सांगा की खडकाला धरायला झगडू नकोस, लाटा आपटतात तिथून लांब सरक आणि उताणा तरंगत राहा.