माईल्सवर प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट: तिकिटं कशी जुळवावीत

कार्डावर पॉइंट साठले की आपण आधी शहरांची यादी करतो, मग विमान शोधतो. ते पॉइंट माईल्समध्ये, म्हणजे तिकिटासाठी वापरायच्या विमानकंपनीच्या पॉइंटमध्ये, वळवता येतात. माईल्सच्या बाबतीत मात्र हे उलटं करावं लागतं. माईल्सवर स्वस्तात मिळणाऱ्या सीट मोजक्याच असतात. त्या ज्या तारखेला दिसतील ती आपली तारीख.

प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्टचंच घ्या. तिन्ही एका रेल्वेमार्गावर आहेत. प्राग ते व्हिएन्ना साधारण चार तास, पुढे बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. म्हणून माईल्स खर्चायचे ते फक्त दोन टोकांना: मुंबई ते प्राग आणि बुडापेस्ट ते मुंबई. परतीसाठी पुन्हा प्राग गाठणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. दोन एकेरी तिकिटं काढा. सीट जुळत नसतील तर सहल उलटी फिरवा, आधी बुडापेस्ट.

पहिली पायरी, आपले माईल्स कुठे कुठे चालतात ते बघणं. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमानकंपन्यांच्या गटात आहे. लुफ्तान्सा, ऑस्ट्रियन, टर्किश, सिंगापूर एअरलाइन्स याच गटातल्या. म्हणजे एका कंपनीचे माईल्स दुसरीच्या विमानात वापरता येतात.

मग सीट शोधा. सुमारे अकरा महिने आधीपासून तारखा दिसू लागतात. मे महिना आणि दिवाळीची सुट्टी यांच्यावर सगळ्यांचाच डोळा असतो. सप्टेंबर बघा. पितृपक्षात निघायला घरचे कुरकुरतील, पण तिकडे हवा छान असते. चौघांच्या सीट एकदम दिसत नसतील तर दोघादोघांच्या शोधून बघा.

आता हिशोब, आणि इथेच बहुतेकजण फसतात. माईल्सचं तिकीट फुकट नसतं. कर असतात, शिवाय काही कंपन्या इंधन अधिभार लावतात. समजा रोखीचं तिकीट ५५,००० रुपयांना आहे आणि माईल्सचं ४०,००० माईल्स अधिक २२,००० रुपयांना. वाचले ३३,००० रुपये, म्हणजे एका माईलला साधारण ८२ पैसे. एका पॉइंटचा एक माईल होतो असं धरलं आणि तेच पॉइंट कार्डावर रुपयाला एक या दराने वटत असतील, तर हा सौदा तोट्याचा. अधिभार आणखी वाढला तर चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

पॉइंट माईल्समध्ये वळवायचे ते सीट डोळ्यांनी दिसल्यावरच. वळवलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत. मी एकदा आधी वळवले, जमा व्हायला चार दिवस लागले, तोवर सीट गेली. ते माईल्स मुदत संपेपर्यंत तसेच पडून राहिले.

दोन्ही टोकं पक्की झाली की रेल्वेची तिकिटं काढा. लवकर काढली तर बरीच स्वस्त पडतात. तिन्ही देश शेंगेनमध्ये असल्याने व्हिसा एकच. ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर आधी जिथे उतरणार त्याच्याकडे. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, अर्ज प्रवासाआधी जास्तीत जास्त सहा महिने करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. तिकीट अकरा महिने आधी आणि व्हिसा नंतर, म्हणून तिकीट रद्द केल्यास माईल्स परत मिळतात का आणि त्याला किती पैसे पडतात, हे तिकीट काढण्याआधीच वाचून ठेवा.