दुभंगलेल्या टाळूच्या सर्जरीचा अभ्यास करायचाय? मग प्राणी नंतर, आधी प्रश्न ठरवा

जगात साधारण 700 बाळांमागे एकाला ओठ किंवा टाळू दुभंगलेला असतो, त्यामुळे यावर काम करावंसं खूप जणांना वाटतं, पण सुरुवातच उलटी होते. लॅबमधे उंदीर आहेत ना, मग उंदरावरच करू. असं नका करू. तुम्हाला फट का पडते ते बघायचंय, की शिवल्यावर चेहऱ्याची वाढ कशी होते ते, की हिरडीतल्या फटीत हाड भरतं का ते, हे एका ओळीत लिहून काढा. प्राणी त्यावरून ठरतो.

फट का पडते यासाठी छोटा उंदीर म्हणजे माऊस एकदम बेस्ट. त्याच्या टाळूच्या दोन्ही पट्ट्या गर्भाच्या 14व्या दिवसाच्या आसपास वर उचलल्या जातात आणि मग जुळतात, जीन बंद करून हे सगळं बघता येतं. पण सर्जरीला तो जवळपास निरुपयोगी, कारण टाळू फाटलेलं पिल्लू दूध ओढू शकत नाही, पोटात हवा भरते आणि बहुतेक वेळा एका दिवसात मरतं, शिवणार कधी?

हिरडीतल्या हाडाच्या फटीसाठी मोठा उंदीर किंवा ससा चालतो. फट इतकी मोठी करा की ती आपोआप भरणार नाही, नाहीतर तुमच्या ग्राफ्टमुळे, म्हणजे फटीत भरलेल्या हाडामुळे किंवा त्याच्या पर्यायामुळे भरली की तशीच भरली असती हे कळणारच नाही. म्हणून काहीच न भरलेला एक ग्रुप ठेवाच, आणि आधी दोन-तीन प्राण्यांवर पायलट, म्हणजे छोटी चाचणी करून त्या वयात, त्या जागी फट खरंच उघडी राहते का बघा. फटीच्या मापाचा दुसऱ्या कोणाच्या पेपरातला आकडा उचलून लावू नका, वय बदललं की तो बदलतो. उंदीर आणि ससा, दोघांचेही पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात हे पण लक्षात ठेवा, मुळाला धक्का लागला तर सगळी मापं बिघडतात.

वाढीचा प्रश्न असेल तर वाढीच्या वयातला ससा किंवा कुत्रा लागतो. बीगल पिल्लांवरच्या कामातून हे चांगलंच दिसलंय की टाळूची आवरणत्वचा उचलून सरकवली की खालचं हाड उघडं पडतं, तिथला व्रण हाडाला चिकटतो आणि वरच्या जबड्याची वाढ अडवतो. इथे ग्रुप किमान तीन: काहीच न केलेला, फट करून तशीच सोडलेला, फट करून शिवलेला. मधला वगळला तर वाढ फटीमुळे थांबली की टाक्यांमुळे ते कधीच सांगता येणार नाही. एकाच वेताची पिल्लं सगळ्या ग्रुपांमधे वाटा.

आता खरी गोम. चांगल्या प्राण्यात तुम्ही चिरून केलेली फट ही जन्मजात फट नव्हे. तिथे स्नायू आधी नीट जुळलेले होते, टिशू कमी नव्हता, रक्तपुरवठा पण नॉर्मल होता. जन्मजात फट हवी असेल तर शेळी बघा: गाभण शेळीला 32व्या ते 41व्या दिवसादरम्यान निकोटियाना ग्लॉका ही वनस्पती दिली की तिच्यातल्या अॅनाबेसिन या विषारी द्रव्यामुळे गर्भाची हालचाल मंदावते, जीभ दोन पट्ट्यांच्या मधेच अडकून बसते आणि टाळू जुळत नाही. अशा शेळ्यांमधे गाभणपणाच्या 85व्या दिवशी गर्भातच टाळू शिवला तेव्हा तो व्रणाशिवाय भरलेला दिसला. भारी आहे, पण माणसाच्या बाळावर लगेच लावायची घाई नको, आईचं पोट उघडण्याची रिस्क वेगळी मोजावी लागते.

एथिक्स कमिटीची परवानगी मिळेपर्यंत एकाही प्राण्याला हात लावायचा नाही. किती प्राणी लागतील ते स्टॅटिस्टिक्सवाल्याला आधीच विचारा, डेटा हातात आल्यावर नाही.

सर्जरीच्या दिवशी सशाला उपाशी ठेवू नका, त्याला उलटी होत नाही आणि आतडी थांबली तर तो त्यानेच जातो. वेदनाशामक भूल उतरायच्या आधीच द्या, नंतर मऊ खाणं, रोज वजन. कितपत वजन घटलं की प्राण्याला प्रयोगातून काढायचं तो आकडा सुरुवातीलाच प्रोटोकॉलमधे लिहा. आणि सीटी स्कॅनवर मापं घेणाऱ्याला कुठला प्राणी कुठल्या ग्रुपचा ते सांगू नका, अगदी तो तुमचा खास मित्र असला तरी.